मोबाईल स्टार्टरचा बॉक्स: 300 नगांसाठी डाय करावी का?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतातल्या पंपासाठी मोबाईलवरून चालू-बंद होणारा कंट्रोलर बनवलाय. बॉक्स साधारण 160 बाय 110 बाय 60 एमएम, आत एक पीसीबी (सर्किटची पट्टी), दोन रिले (विजेवर चालणारे स्विच), सिमकार्डचं मॉड्यूल, खालून तीन केबल ग्लँड (केबल आत घेऊन घट्ट धरणारे नट). पहिली ऑर्डर 300 ची, पुढे वर्षाला दोनेक हजार जातील असा अंदाज. एकजण सांगतोय थ्रीडी प्रिंट करून घे, दुसरा सांगतोय सिलिकॉन मोल्डमध्ये कास्टिंग कर, आणि डायवाल्याने डायचं, म्हणजे प्लास्टिकचे नग काढायच्या धातूच्या साच्याचं, चार लाखांचं कोटेशन हातात ठेवलंय. काय करू?

मी 26 वर्षं भोसरीत डाय आणि मोल्डिंगचंच काम करतोय, त्यामुळे मी म्हणणार डाय करा असं तुम्हाला वाटेल, पण माझं म्हणणं आहे की आत्ता या तिन्हीतलं काहीच करू नका. पहिले 300 नग बाजारात मिळणाऱ्या रेडिमेड बॉक्समध्ये काढा, त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या आणि मग डाय करा, तेव्हा मात्र काटकसर न करता नीट करा. असं का ते सविस्तर सांगतो.

पद्धत निवडताना सगळे पहिला प्रश्न विचारतात तो किती नग लागणार. बरोबरच आहे तो, पण त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो तो कोणीच विचारत नाही, की या पार्टचं डिझाईन अजून किती वेळा बदलणार आहे? माझ्या अनुभवात पैसे नगांच्या हिशोबात कमी आणि या दुसऱ्या प्रश्नात जास्त बुडतात. कारण डाय म्हणजे स्टील, आणि स्टील कापून काढता येतं, परत लावता येत नाही. एवढं एक वाक्य समजलं की निम्मी डाय समजली.

एक उदाहरण सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी एक पार्टी आली होती, त्यांचाही असाच कंट्रोल बॉक्स होता. ड्रॉइंग फायनल, सही झालेली, आम्ही पी-20 या डायच्या स्टीलमध्ये कोअर-कॅव्हिटी, म्हणजे डायचे आतला आणि बाहेरचा आकार देणारे दोन भाग, कापले, पॉलिश झालं, पहिली ट्रायल निघाली, पार्ट एकदम छान आला. आणि मग कळलं की त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला जुना रिले मिळत नाहीये आणि नवीन रिले 4 एमएमने उंच आहे. फक्त 4 एमएम. पण बॉक्स 4 एमएमने खोल करायचा म्हणजे आतला आकार देणारा कोअर 4 एमएमने उंच पाहिजे, आणि आमचा कोअर एका ठोकळ्यातून सलग कापलेला होता, तो वाढवणार कसा. नवीन कोअर करावा लागला, पाच आठवडे गेले आणि पार्टीचा अख्खा सीझन हुकला. त्यात कोणाची लबाडी नव्हती, निष्काळजीपणाही नव्हता, फक्त प्रॉडक्ट अजून पिकलं नव्हतं आणि डाय आधी झाली. तुमचं प्रॉडक्ट पण अजून पिकायचंय. पहिल्या 300 शेतकऱ्यांकडून ज्या तक्रारी येतील त्या आज तुम्हाला माहीत नाहीत. अँटेना आत चालत नाही बाहेर काढावा लागतोय, ग्लँडमधून जाड केबल जात नाही, कव्हर उघडल्यावर स्क्रू गवतात हरवतो, असं काहीतरी येणारच.

आता थ्रीडी प्रिंटचं बघू. माझ्याकडे स्वतःकडे दोन प्रिंटर आहेत आणि मी प्रत्येक डायच्या आधी पार्ट प्रिंट करून हातात घेतोच, त्याशिवाय स्टील कापत नाही. त्यामुळे मला या मशीनचं वावडं नाही. पण 300 चा हिशोब करा, हा बॉक्स कव्हरसकट साध्या फिलामेंटच्या प्रिंटरवर सात-आठ तास घेईल, म्हणजे 300 बॉक्सला 2,100 ते 2,400 तास, एक मशीन रात्रंदिवस न थांबता चाललं तरी तीन महिने. दहा मशीनवाल्याकडे गेलात तर वेळ कमी होईल, पैसे कमी होणार नाहीत. आणि वेळ-पैशापेक्षा मोठी अडचण म्हणजे थर. प्रिंट केलेला पार्ट थरांच्या दिशेने चिरतो, भिंतीवर लावताना स्क्रू जरा जास्त आवळला की बॉसच्या, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो त्या उंचवट्याच्या, मुळाशी थर सुटतो, आणि थरांच्या मधून पाणी झिरपतं ते वेगळंच. पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये कोणी देत असेल तर सरळ नाही म्हणा, ते 60 डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी आत रिले तापलेला असताना बॉक्सची काय अवस्था होईल ते सांगायला नको. नायलॉन पावडरवाली लेझर प्रिंटिंग बरीच चांगली असते, पार्ट सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखा मजबूत येतो, 20-50 नगांना मी स्वतः ती सुचवतो, पण 300 ला महाग पडते आणि पृष्ठभाग खडबडीत राहतो, सील न केल्यास धूळ-पाणी धरतो.

सिलिकॉन मोल्डचं, म्हणजे व्हॅक्यूम कास्टिंगचं, आकर्षण मला कळतं. पार्ट दिसायला अगदी मोल्डिंगसारखा येतो, रंग पण हवा तो मिळतो. एक मास्टर प्रिंट करतात, त्याच्याभोवती सिलिकॉन ओततात, ते कापून दोन भाग करतात आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन भरतात. पण एका सिलिकॉन मोल्डमधून 15-20 नग निघाले की त्याचे काठ फाटायला लागतात, म्हणजे तुमच्या 300 ला 15 ते 20 मोल्ड, आणि तेही बेस आणि कव्हरचे वेगळे. शिवाय जे मटेरियल मिळतं ते एबीएससारखं, म्हणजे मोल्डिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकसारखं असतं, एबीएस नसतं. हा सारखेपणा दिसण्यात आणि वाकण्यात असतो, वर्षभर उन्हात टिकण्यात आणि ठिणगी पडल्यावर न पेटण्यात नसतो. प्रदर्शनासाठी 25 नग पाहिजेत, डीलरला दाखवायचेत, तिथे ही पद्धत एक नंबर. थ्री फेजच्या 415 व्होल्टवर शेतात लटकणाऱ्या डब्यासाठी मी ती वापरणार नाही.

म्हणून रेडिमेड बॉक्स. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसमध्ये गॅस्केटसकट (रबरी सील), आयपी-65 रेटिंगचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारे बॉक्स ठरलेल्या साईजमध्ये मिळतात, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी करा, मुंबईत लोहार चाळ आहेच. तुमच्या साईजच्या जवळचा निवडा आणि पीसीबी त्या बॉक्सला बसेल अशी करून घ्या, उलटं नको. पीसीबी बदलणं स्वस्त आहे, बॉक्स बदलणं महाग. ग्लँडची आणि एलईडीची भोकं राऊटरवर (फिरत्या कटरच्या मशीनवर) पाडून घ्या, दहा-वीस बॉक्सचा लॉट एकदम लावला की काम पटपट होतं, आणि वर पॉलिकार्बोनेटचं प्रिंट केलेलं स्टिकर लावलं की रेडिमेड बॉक्स आहे हे शेतकऱ्याच्या लक्षातही येत नाही. एक सांभाळा, भोकं पाडताना कटिंग ऑइल मारू देऊ नका, पॉलिकार्बोनेटला तेलाचं वाकडं आहे, त्याबद्दल खाली सांगतो.

पैशाचा हिशोब साधा आहे, आकडे तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला. समजा रेडिमेड बॉक्स भोकं-स्टिकरसकट 450 ला पडला आणि स्वतःच्या डायचा बॉक्स 110 ला पडला, तर प्रत्येक नगामागे 340 वाचले. डाय चार लाखांची, म्हणजे साधारण 1,200 नगांना ती फिटते. 300 ला फिटत नाही, वर्षाला 2,000 खरंच गेले तर सात-आठ महिन्यात फिटते. म्हणजे डाय करायचीच आहे, फक्त आज नाही. आणि हे 110 पण लॉट मोठा असेल तरच, कारण मोल्डर 100 नगांसाठी डाय चढवायला तयार होत नाही, डाय चढवणं, मशीनच्या बॅरलमधलं आधीचं मटेरियल पर्ज करणं म्हणजे बाहेर काढून टाकणं, टेम्परेचर सेट होईपर्यंतचा स्क्रॅप, यात त्याचा अर्धा दिवस जातो, मग तो 500-1,000 नग एकदम घ्या म्हणतो आणि तेवढा माल तुमच्या घरी पडून राहतो. हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही.

आता डाय करायची वेळ येईल तेव्हा काय बघायचं ते लिहितो, हे जरा लांबेल पण कामाचं आहे.

भिंत 2.5 एमएम धरा आणि सगळीकडे सारखी ठेवा. जाड केली की मजबूत होईल असं वाटतं पण प्लास्टिक थंड व्हायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, 2 चे 3 एमएम केले की थंड होण्याचा वेळ सव्वादोनपट, आणि मशीनचं भाडं तुम्ही सेकंदावर देत असता. मजबुती पाहिजे तिथे रिब, म्हणजे आतून उभी पट्टी द्या, आणि रिबची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास, नाहीतर बाहेरून बरोब्बर तिथे खड्डा पडतो, सिंक मार्क. उभ्या भिंतींना एक-दीड डिग्री ड्राफ्ट म्हणजे उतार पाहिजेच, तो नसेल तर पार्ट कोअरला घट्ट बसतो आणि इजेक्टर पिना पार्टला ढकलायच्या ऐवजी त्यात घुसतात, मागे पांढरे डाग उठतात. साईडला भोक किंवा हुक आला की स्लायडर, म्हणजे डायमध्ये बाजूला सरकणारा तुकडा आला आणि स्लायडर आला की डायची किंमत चढली, म्हणून ग्लँडची भोकं खालच्या भिंतीत डायमध्येच पाहिजेत का नंतर पाडायची हे आधी ठरवा. मी सुचवेन की त्या जागी पातळ गोल खूण ठेवा, नॉकआउट, ज्याला जेवढ्या केबल तेवढी फोडेल.

स्टील परत लावता येत नाही म्हटलं ना, त्यावर आमच्याकडे एक सवय आहे, तिला स्टील सेफ म्हणतात. कव्हरचं लॉक असेल तर पहिल्या ट्रायलला ते मुद्दाम सैल ठेवायचं. पार्ट आला, बेसवर कव्हर लावलं, बोटाने दाबलं, नुसतंच बसतंय, टक असा आवाज येत नाही. मग डाय खाली घेऊन त्या हुकाच्या जागी स्टील 0.1 एमएम काढायचं, म्हणजे प्लास्टिक तेवढं वाढतं. परत ट्रायल, परत दाबायचं. दोन-तीन वेळा असं केलं की जो टक येतो तो पुढे लाखभर नगांना तसाच येतो. पहिल्याच वेळी घट्ट ठेवलं आणि जास्त झालं तर वेल्डिंग करावं लागतं, आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरचं वेल्डिंग पार्टवर कायम दिसतं. तुम्ही हे विचारल्यावर ज्या डायवाल्याला लगेच कळतं, तो माणूस बरा.

तसंच ज्या जागा बदलतील असं वाटतंय, ग्लँडची भिंत, अँटेनाची जागा, कव्हरवरची एलईडीची खिडकी, त्या डायमध्ये वेगळ्या इन्सर्टमध्ये करायला सांगा. पुढे बदल झाला तर तेवढा तुकडा बदलायचा. थोडे पैसे जास्त लागतील, खुशाल द्या. बेस आणि कव्हर एकाच डायमध्ये करून पैसे वाचवू असं कोणी म्हणेल, ते मी टाळतो, कारण कव्हर चपटं, बेस खोल, एक आधी भरतं एक नंतर, एकाला फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेलं पातळ प्लास्टिक) सुटतो तेव्हा दुसरा अर्धवट असतो. शिवाय मशीन मोठं लागतं. तुमच्या बॉक्सचा समोरून दिसणारा एरिया 176 स्क्वेअर सेंटीमीटर, पॉलिकार्बोनेटला डाय बंद धरायला स्क्वेअर सेंटीमीटरमागे अर्धा-पाऊण टन जोर धरला तर 120-150 टनाचं मशीन पुरतं आणि ते गल्लोगल्ली आहे. दोन्ही एकत्र केले की 250 च्या घरात जाता.

ॲल्युमिनियमची डाय पण विचारात घ्या. लवकर कापून होते, उष्णता पटकन ओढून घेते, काही हजार नग आरामात देते. फक्त पार्टिंग लाईन, म्हणजे डायचे दोन भाग जिथे मिळतात तो काठ, मऊ असते, ऑपरेटरने अडकलेला पार्ट स्क्रूड्रायव्हरने काढला की ओरखडा पडला आणि तिथून फ्लॅश. ग्लास म्हणजे काचेचे तंतू भरलेला नायलॉन चालवणार असाल तर ॲल्युमिनियम नको, पी-20 पण लवकर झिजतं, हार्डन केलेलं स्टील लागतं. तुमच्या बॉक्सला ग्लासची गरज नाही.

मटेरियल. साधं एबीएस उन्हात दीड-दोन वर्षात पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, शेडच्या आत असेल तर चालेल, पण शेतकरी कुठे लावेल याचा भरवसा नाही, तो विहिरीच्या कडेच्या खांबाला पण लावेल. म्हणून यूव्हीचा म्हणजे उन्हात टिकणारा, आग न पकडणारा म्हणजे व्ही-0 ग्रेडचा पॉलिकार्बोनेट. हे महाग आहे, बॉक्सचं वजन 200 ग्रॅमच्या आसपास जाईल, त्यामुळे किलोमागे शंभर रुपये वाढले तर नगामागे वीस वाढतात, विजेच्या वस्तूत ते वीस वाचवू नका. आणि मोल्डरला लेखी सांगा की रिग्राइंड म्हणजे दळलेला जुना माल टाकायचा नाही, व्हर्जिन दाणाच.

दाण्यावरून एक महत्त्वाचं. पॉलिकार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. मोल्डिंगच्या आधी ते 120 डिग्रीला तीन-चार तास ड्रायरमध्ये सुकवावंच लागतं. आमच्याकडे जुलैत बाहेर संततधार असते तेव्हा बॅग उघडी राहिली तर तासाभरात फरक कळतो, पार्टवर चंदेरी रेघा येतात. लोक म्हणतात आतल्या बाजूला आहे, दिसत नाही, चालू द्या. पण प्रश्न दिसण्याचा नाही, ओल्या दाण्याचं मटेरियल बॅरलमध्ये तुटतं आणि पार्ट काचेसारखा होतो. साधी टेस्ट आहे, लॉटमधला एक बेस जमिनीवर ठेवा आणि हातोडीचा एक चांगला फटका द्या. चांगला पॉलिकार्बोनेट दबेल, त्याचे तुकडे उडणार नाहीत. तुकडे झाले तर अख्खा लॉट परत.

आणि तेलाचं वाकडं म्हटलं ते असं. आमच्या एका कामात बॉक्सची मोल्डिंग उत्तम झाली होती, असेंब्लीवाल्याने स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून प्रत्येक स्क्रूला थ्रेड लॉकरचा थेंब लावला, चांगल्या हेतूनेच. चार दिवसांनी बॉसच्या भोवती केसासारख्या बारीक चिरा, आठव्या दिवशी बॉस हातात. आम्ही आठवडाभर मोल्डिंगमध्ये चूक शोधत बसलो. चूक थेंबात होती, ताण आलेल्या पॉलिकार्बोनेटला तो द्रव आतून फाडतो. कटिंग ऑइल, काही ग्रीस, पेट्रोल, थिनर सगळ्यांचं तेच. तेव्हापासून मी असेंब्लीत काय काय वापरता ते आधी विचारतो. तुम्ही प्लास्टिकसाठीचे रुंद आट्यांचे सेल्फ टॅपिंग स्क्रू वापरा, कोरडे, आणि हळू स्पीडने.

मुंग्या आणि पाली यांचंही डोक्यात ठेवा. गावाकडे स्टार्टर उघडून बघितलाय त्याला माहीत असतं, उबेला मुंग्या आत जातात आणि कॉन्टॅक्टवर चिरडून बसतात. गॅस्केटची खाच कव्हरमध्ये पूर्ण गोल, न तुटता फिरली पाहिजे आणि स्क्रू खाचेच्या बाहेर पाहिजेत. स्क्रू आत घेतले की भोकातून पाणी आत.

तुमचा पार्ट वेगळ्या आकाराचा असता तर उत्तरही वेगळं असतं, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. पाण्याच्या टाकीसारखा मोठा पोकळ असेल तर रोटोमोल्डिंग, डाय पत्र्याची आणि तुलनेने स्वस्त पण एकेक नग बराच वेळ घेतो. बाटली-कॅन असेल तर ब्लो मोल्डिंग. मोठं पातळ कव्हर, ट्रे, गाडीच्या आतलं पॅनल असेल तर शीट गरम करून व्हॅक्यूमने ओढायची, साचा लाकडाचाही चालतो, कोपरे मात्र पातळ होतात. सगळीकडे एकच छेद असलेली पट्टी असेल तर एक्स्ट्रुजन. दहा-वीस गिअर किंवा बुश हवे असतील तर डेलरिन या कडक प्लास्टिकचा रॉड आणून टर्निंग-मिलिंग, डायचा विषयच नको. रस्त्यावरच्या मीटर बॉक्ससारखा जाड, कडक डबा पाहिजे असेल तर एसएमसी (काचेचे तंतू असलेली रेझिनची शीट) कॉम्प्रेशन मोल्डिंग. मराठवाड्यातल्या लोकांना संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आणि सिपेट (केंद्र सरकारची प्लास्टिकची संस्था) दोन्ही आहेत, टूलिंगचं आणि मटेरियल टेस्टिंगचं तिथे जाऊन विचारता येतं.

शेवटचं कागदाचं. डायचे पैसे तुम्ही देणार पण डाय मोल्डरच्या शेडमध्ये पडून राहणार, म्हणून पर्चेस ऑर्डरवरच लिहून घ्या की डाय तुमची आहे, मागाल तेव्हा मिळेल, डायच्या प्लेटवर तुमचं नाव कोरलेलं असेल, आणि डायचा पूर्ण थ्रीडी डेटा तुम्हाला मिळेल, नुसत्या पार्टचा नाही. पैसे तीन हप्त्यात, शेवटचा हप्ता ट्रायल पास झाल्यावर. आणि पास म्हणजे काय तेही लिहा, पार्ट छान दिसतोय म्हणजे पास नाही. ट्रायलचे पाच बॉक्स घ्या, आत खरी पीसीबी बसवा, तीन ग्लँड आवळा, कव्हर लावून स्क्रू दहा वेळा काढ-घाल करा, मग बॉक्समध्ये पीसीबीच्या जागी टिश्यू पेपर ठेवून बंद करा आणि अर्धा तास नळाखाली धरा. उघडल्यावर पाचही बॉक्समधला पेपर कोरडा असेल तर सही करा.